रायफलीचा ट्रायपॉड घेताना पायांआधी माथा पाहा

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी खरेदीविषयीचा जो लेख आला होता, त्यातील जाकीट, बूट आणि छर्रे यांसंबंधीच्या मजकुराबद्दल माझे काही म्हणणे नाही. हे पत्र त्यातील एका वाक्याबद्दल आणि त्या वाक्याशेजारच्या छायाचित्राबद्दल आहे. सुरुवातीला हात थरथरतात, म्हणून रायफलीसाठी एक चांगला ट्रायपॉड घ्यावा, असे ते वाक्य होते. आणि छायाचित्रात अकरा-बारा वर्षांची एक मुलगी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर एअर रायफल ठेवून नेम धरताना दिसत होती. ट्रायपॉडचा मधला दांडा पार वरपर्यंत काढलेला, माथ्यावरच्या चकतीला रायफल सायकलच्या ट्यूबने करकचून बांधलेली, आणि डोळा डायॉप्टरपर्यंत, म्हणजे रायफलीवरच्या मागच्या बारीक भोकाच्या नेमसाधनापर्यंत, पोहोचावा म्हणून मुलीने मान कासवासारखी पुढे काढलेली. जिल्ह्याच्या रेंजवर मुलांना नीट उभे राहायला शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली. ते छायाचित्र पाहताना माझी स्वतःची मान दुखू लागली, हे कबूल करतो.

चांगला ट्रायपॉड म्हणजे कसा, हे लेखात कोठेच नव्हते, आणि पालक नेमके तेच विचारत असतात. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्याकडच्या रेंजवर मुलांची आणि त्यांच्यापेक्षाही आईवडिलांची गर्दी वाढली आहे. त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर एखाद्या परदेशी ट्रायपॉडचे चित्र असते. बहुतेक वेळा तो शिकारीसाठी बनवलेला असतो: लांब सडक पाय, खाली जमिनीत रुतणारे लोखंडी खिळे, वर रायफल दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा चिमटा. जंगलात तासन्‌तास वाट पाहणाऱ्या माणसाची ती सोय आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे असल्या उपकरणाचे प्रयोजन उरलेले नाही, आणि रेंजच्या फरशीवर तर ते खिळे नुसते घसरतात.

मुळात खेळाचा नियम काय सांगतो, ते आधी पाहिले पाहिजे. कुसाळे ज्या प्रकारात खेळतात, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून अशा तीन पवित्र्यांतून नेम साधायचा असतो. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली एक गुंडाळी आणि दंडाला पट्टा चालतो, झोपून मारताना पट्टा आणि दोन कोपरे एवढाच आधार असतो, आणि उभे राहताना तर पट्टाही चालत नाही. यांपैकी एकाही पवित्र्यात रायफलीखाली तिवई नसते. लहान मुले ज्यापासून सुरुवात करतात, त्या १० मीटर एअर रायफलमध्ये सगळा खेळ उभ्यानेच असतो. स्पर्धेत ट्रायपॉड किंवा स्टँड दिसतो तो दोन छऱ्यांच्या मध्ये रायफल क्षणभर विसावण्यासाठी, आणि त्याचा कोणताही भाग नेमबाजाच्या खांद्यापेक्षा उंच असलेला चालत नाही. रायफल त्यावर टेकवलेली असली तरी हात सोडायचा नसतो.

मग नवख्या मुलासाठी ट्रायपॉड हवाच कशाला, असे कोणी विचारील, आणि माझे काही सहकारी तसे म्हणतातही. माझे मत वेगळे आहे. सर्व साहित्यासह ५.५ किलोपर्यंत भरू शकणारी रायफल तीस-पस्तीस किलोच्या मुलाच्या हाती दिली की त्याचे सारे लक्ष ती खाली पडू नये एवढ्यावरच राहते. डायॉप्टरच्या भोकात नळीच्या टोकावरचे पुढचे कडे आणि कड्यात काळा गोल कसा बसवायचा, श्वास कोठे थांबवायचा, घोडा झटका न देता कसा दाबायचा, यांतले काहीही त्याच्या डोक्यात शिरत नाही. हे शिकवण्यापुरते, पहिल्या काही आठवड्यांत, रायफलीचे वजन कोणीतरी उचलून धरावे लागते. ते काम ट्रायपॉड करतो. मात्र ट्रायपॉडने वजन घ्यावे, नेम घेऊ नये; माझे सारे म्हणणे एवढेच आहे आणि निवडीचा प्रत्येक प्रश्न शेवटी येथेच येऊन थांबतो.

हे तत्त्व माझ्या पदरचे नाही. अपंगांच्या नेमबाजीत एसएच २ नावाचा जो गट आहे, त्यातील खेळाडूंना हाताच्या अपंगत्वामुळे रायफलीचे वजन पेलता येत नाही, म्हणून त्यांना आधाराचा स्टँड वापरण्याची परवानगी आहे. त्या स्टँडच्या माथ्याशी स्प्रिंग असते. रायफल त्यावर तोललेली राहते, पण जखडलेली नसते. नळी वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलतच राहते आणि तिला स्थिर करण्याचे काम खेळाडूलाच करावे लागते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण तो मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अवनी लेखरा या एसएच १ गटात खेळतात. त्या गटात रायफलीचे वजन स्वतःच पेलायचे असते. टोकियोत १० मीटर एअर रायफलमध्ये चौथे आलेले आपल्या कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर हेही त्याच गटातले. यांच्या गुणांचे श्रेय कोणत्याही स्टँडला देता येत नाही.

आता खरेदीविषयी. दुकानात गेल्यावर माणसाची नजर प्रथम पायांवर जाते: कार्बनचे की ॲल्युमिनियमचे, तीन टप्प्यांचे की चार टप्प्यांचे. मी पालकांना आधी माथा पाहायला सांगतो. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर सहसा पाव इंची स्क्रू असतो आणि कॅमेरा त्यावर घट्ट बसवायचा असतो. कॅमेऱ्याचे वजन त्या स्क्रूच्या बरोबर वर येते. रायफल मीटरभराहून लांब असते. तिचे वजन माथ्याच्या पुढे आणि मागे विभागलेले असते आणि मागून खांद्याचा दाब असतो, त्यामुळे मुलाच्या प्रत्येक हालचालीबरोबर त्या स्क्रूला पीळ बसतो आणि तो थोडा थोडा ढिला होत जातो. काही वर्षांपूर्वी एका पालकांच्या आग्रहाला बळी पडून मी असा ट्रायपॉड वापरू दिला होता. चाळिसेक छर्रे झाले असतील. पुढचा छर्रा भरायला मुलाने बोल्ट उघडण्यासाठी हात मागे घेतला आणि माथ्याची चकती गर्रकन फिरली. दोन-अडीच लाखांच्या घरातील ती रायफल डाव्या बाजूवर आपटली, डायॉप्टरचा पाया वाकला आणि तो सुटा भाग परदेशातून येईपर्यंत ती रायफल चार महिने पेटीत पडून होती. चूक मुलाची नव्हती आणि ट्रायपॉडचीही नव्हती. परवानगी मी दिली होती.

रायफलीसाठी माथ्यावर चकती नको, उथळ खाच हवी. ती इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची असावी, टोकदार व्ही नसावी, कारण टोकदार खाचेत फोरएंड, म्हणजे रायफलीच्या लाकडाचा पुढचा भाग, रुतून बसतो आणि हालचाल बंद होते. खाचेला आतून चामडे किंवा जाड नमदा लावलेला असावा. ती बोटाने ढकलली असता डावीकडे-उजवीकडे सहज फिरली पाहिजे आणि हात काढल्यावर जेथे आहे तेथेच थांबली पाहिजे. आवळण्याचा चिमटा असेल तर तो काढून ठेवावा. रायफल जखडून टाकली की मूल हळूहळू माथ्याच्या मुठी फिरवून नेम लावायला शिकते, म्हणजे छायाचित्रकार चौकट लावतो तसे. आणि ट्रायपॉड काढला त्या दिवशी त्याला काहीच येत नसते. खाच मोकळी असेल तर नेम डावीकडे चालला आहे हे त्याला दिसते आणि आपण त्याला सांगू शकतो की रायफल ओढू नकोस, मागचा पाय बोटभर सरकव. नेम पायांतून लावायचा असतो, हे शिकवण्याची याहून चांगली संधी मला ठाऊक नाही.

खाचेत रायफल कोठे टेकवायची, हेही लेखाने सांगायला हवे होते. नळीवर कधीही नाही, आणि नळीखाली हवेचे नळकांडे असेल तर त्यावरही नाही. घोड्याच्या कडीच्या पुढे, फोरएंडच्या लाकडाखाली, जेथे रायफल तोलली जाते त्या जागेच्या आसपास ती टेकली पाहिजे. शिवाय ती थेट टेकवू नये. उजव्या खांद्यावर रायफल लावणाऱ्या मुलाचा डावा हात आधी खाचेत जावा आणि त्या हातावर रायफल यावी. वजन हातातून ट्रायपॉडमध्ये उतरते, पण हाताची जागा, मनगटाचा कोन आणि कमरेच्या हाडाकडे येणारे कोपर हे सर्व स्पर्धेत असते तसेच राहते. पुढे ट्रायपॉड काढल्यावर मुलाच्या शरीराला नवे काही शिकावे लागत नाही.

हाताचा हा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. आपल्या तालुक्यांच्या ठिकाणी मुले ज्या देशी रायफलींवर शिकतात, त्यांतील पुष्कळशा स्प्रिंगच्या असतात. घोडा दाबताच आतील स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, त्यामुळे रायफल आधी मागे येते आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे उसळते. आणि हे दोन्ही धक्के छर्रा नळीतून बाहेर पडण्याच्या आसपास घडून जातात. अशी रायफल कडक लाकडावर किंवा धातूवर टेकवली तर ती त्यावरून उसळते आणि छर्रा नेहमीच्या जागी लागत नाही. मी नव्या पालकांना हे करून दाखवतो. एकाच मुलाला, त्याच रायफलीने, पाच छर्रे कडक खाचेवरून आणि पाच तळहातावरून मारायला लावतो. तळहातावरचे पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात; कडक खाचेवरचे पाच तेवढेच जवळजवळ असले तरी सगळा ग्रुप वर सरकलेला असतो. मूल मग डायॉप्टरची कळ फिरवून तो खाली आणते आणि ट्रायपॉड काढल्यावर पुन्हा वेड्यासारखे फिरवत बसते. कोंडलेल्या हवेवर चालणाऱ्या महागड्या रायफलींना जवळजवळ धक्का नसतो, त्यामुळे तेथे हा त्रास कमी आहे, पण हात मध्ये ठेवण्याची सवय तेथेही सोडू नये.

उंचीचा हिशेब सोपा आहे. १० मीटरच्या रेंजवर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असतो. मुलाला ट्रायपॉडशिवाय, रिकाम्या हाताने, मान ताठ ठेवून उभे करावे. मग रायफल त्याच्या खांद्याला लावून डायॉप्टर डोळ्यासमोर येईपर्यंत कोणीतरी पुढून ती उचलून धरावी. आणि त्या वेळी फोरएंड जमिनीपासून किती वर आहे ते टेपने मोजावे. त्या मापातून तळहाताची जाडी वजा केली की ट्रायपॉडची उंची मिळते. बारा वर्षांच्या मुलाला ती बहुधा सव्वा मीटरच्या मागेपुढे येते. डोके रायफलीकडे जाता कामा नये, रायफल डोक्याकडे आली पाहिजे. आणि ही उंची ट्रायपॉडने केवळ पायांवर गाठली पाहिजे, मधला दांडा न उचलता. तो दांडा वर काढला की तीन पायांवरच्या वस्तूची एका पायावरची वस्तू होते. उंचीच्याच कारणाने विसाव्याचा स्टँड आणि शिकण्याचा ट्रायपॉड एकच घेऊन भागेल, ही आशाही सोडावी: पहिला खांद्याच्या आतच राहिला पाहिजे, तर दुसऱ्याची उंची रायफल डोळ्याशी येण्यावर ठरते.

डुगडुगीचा परिणाम किती होतो, ते आकड्यांत सांगतो. डायॉप्टरपासून पुढच्या कड्यापर्यंतचे अंतर ढोबळमानाने पाऊण मीटर धरले, तर पुढचे टोक एक मिलिमीटर हलले असता १० मीटरवर छर्रा सुमारे १३ मिलिमीटर बाजूला जातो. त्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि गुणांच्या एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंत अडीच मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या डुगडुगीत पाच गुण गेले. ट्रायपॉडवर लिहिलेली वजनाची मर्यादा म्हणूनच फसवी असते. ती सरळ वर ठेवलेल्या, न हलणाऱ्या वजनाची असते. मी रायफलीच्या तिप्पट वजन पेलणारा ट्रायपॉड घ्यायला सांगतो, म्हणजे पाच किलोच्या रायफलीला पंधरा किलोचा. पायांचे टप्पे जितके कमी तितके बरे, कारण प्रत्येक सांधा म्हणजे ढिले होण्याची एक जागा असते. कार्बन हलके असते आणि त्यात कंप लवकर विरतो हे खरे आहे, पण रेंजवरून घरी रोज न्यायचे नसेल तर हलकेपणाचा उपयोग काय? जड ॲल्युमिनियम पुरते. जमीन मोजणारे लोक पूर्वी जी लाकडी तिवई वापरत, तशी जुन्या बाजारात मिळाली आणि सुताराने वर खाच करून दिली, तर तिच्याइतकी निवांत उभी राहणारी वस्तू मी पाहिलेली नाही. तीन पायांचे एक बरे असते. जमीन कशीही असो, तिन्ही टेकतातच. हॉटेलातल्या चार पायांच्या टेबलाखाली जशी कागदाची घडी सरकवावी लागते, तशी येथे लागत नाही.

दुकानात एक परीक्षा करता येते. ट्रायपॉड हव्या त्या उंचीला उघडावा, माथ्यावर पाच किलो तांदळाची पिशवी आडवी टाकावी आणि एका पायावर टिचकी मारून माथ्याकडे पाहावे. एक-दोन सेकंदांत थरथर थांबली तर ठीक, पिशवीचे कान हलतच राहिले तर परत ठेवावा. मग माथ्याला दोन्ही हातांनी धरून हलका पीळ द्यावा. पाय जेथे माथ्याला जोडलेले आहेत तेथे कटकट वाजले तर तो कितीही नावाजलेला असला तरी घेऊ नये. पायांखाली रबर असावे. आणि घरी जाण्यापूर्वी पसरलेल्या पायांमधले अंतर मोजावे. १० मीटरच्या रेंजवर एका नेमबाजाची जागा एक मीटर रुंद असू शकते. आमच्याकडे एका मुलाच्या ट्रायपॉडचा पाय शेजारच्या मुलीच्या टाचेजवळ येत असे, आणि ती बिचारी काही न बोलता महिनाभर तिरकी उभी राहत होती. तिचे गुण का घसरत आहेत, याचा विचार मी तेवढे दिवस भलतीकडेच करत होतो.

सुरक्षिततेबद्दल दोनच वाक्ये. ट्रायपॉडवर रायफल ठेवून कोणीही जागा सोडू नये, पाणी प्यायलासुद्धा नाही. जायचे असेल तर बोल्ट उघडा, नळीत ती रिकामी असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग आणि रायफल टेबलावर. ट्रायपॉडवरची रायफल वरून जड असते, आणि पडताना तिची नळी कोणत्या दिशेला जाईल हे कोणाच्या हातात नसते.

ट्रायपॉड केव्हा काढायचा, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. मी तिसऱ्या आठवड्यापासून पाच छर्रे ट्रायपॉडवर आणि पाच विनाट्रायपॉड असे घेतो, आणि विनाट्रायपॉडचे गुण मोजतच नाही. मुलांना ट्रायपॉडवरच्या दहांची गोडी फार लवकर लागते. पालकांना तर त्याहून लवकर लागते. सहा महिने झाले तरी ट्रायपॉड न सोडू देणारे एक वडील माझ्या पाहण्यात आहेत, कारण गुणांचे कागद ते नातेवाइकांना पाठवत असत. तो मुलगा पहिल्या जिल्हा स्पर्धेत उभा राहिला तेव्हा नळी डोलताना पाहून इतका घाबरला की वेळ संपेपर्यंत त्याने निम्मेच छर्रे मारले. नळी डोलणारच, निष्णात नेमबाजाचीही डोलते, फक्त थोड्या जागेत. हे पहिल्या महिन्यातच डोळ्यांच्या सवयीचे व्हायला हवे.

असा ट्रायपॉड प्रत्येक घराने विकत घ्यावा, असे मला वाटत नाही. मूल त्यावर फार तर दोन महिने शिकते आणि वर्षभरात त्याची उंचीही बदलते. रेंजने चांगले दोन ट्रायपॉड घेऊन ठेवले तर वीस मुलांचे काम भागते, आणि माथ्याच्या खाचा कोणत्याही चांगल्या सुताराकडून करून घेता येतात. आपल्या पुरवणीतून पालकांना हे सांगता आले असते.

छायाचित्रातील मुलीच्या पालकांपर्यंत हे पत्र पोहोचले, तर त्यांनी तो ट्रायपॉड टाकून देऊ नये. रबर सोडावे, चकती काढून तिच्या जागी खाच बसवून घ्यावी, मधला दांडा पूर्ण खाली घेऊन पाय लांब करावेत, आणि तिन्ही पायांच्या मध्ये दोरीने तीन-चार किलो वाळूची पिशवी टांगावी, जमिनीला जेमतेम टेकेल अशी. एवढे केल्यावर स्प्रिंगच्या हलक्या रायफलीपुरता तो चालून जाईल. उंची मात्र मुलीला उभे करून पुन्हा मोजावी. छायाचित्रावरून मला ती चार बोटे कमी वाटते.

आपला,
एक रायफल प्रशिक्षक,
कोल्हापूर